शातो मार्गो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि माझं काम वाइनचं आहे. त्यामुळे गावाकडचे बागायतदार, पुण्या-मुंबईचे मित्र आणि परदेशात गेलेली भावंडं असे तिन्हीकडचे लोक मला या एका फ्रेंच वाइनबद्दल विचारत असतात. प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की शातो मार्गो ही श्रीमंतांची चैन म्हणून बघितली तर हाती काही लागत नाही. ती एका बागेची गोष्ट आहे, आणि बाग आपल्याला कळते.

शातो मार्गो हे गाव आहे, कंपनी आहे की वाइनचं नाव?

मार्गो हे फ्रान्सच्या नैऋत्येला बोर्डो शहराच्या उत्तरेकडचं, पंचवीस-तीस किलोमीटरवरचं गाव. जिरोंद नदीच्या डाव्या काठाला मेदोक नावाचा पट्टा आहे, त्यात ते येतं. शातो म्हणजे खरं तर गढी किंवा वाडा. पण बोर्डोकडे शातो म्हटलं की वाडा, त्याची जमीन, तळघर, पिंपं आणि तिथली वाइन असं सगळं एकत्र येतं. आपल्याकडे 'पाटलांचा मळा' म्हटल्यावर जसं विहिरीपासून खळ्यापर्यंत सगळं डोळ्यासमोर येतं, तसंच.

उच्चार 'मार्गॉक्स' करायचा का?

नाही. 'मार्गो'. शेवटची अक्षरं लिहायची असतात, बोलायची नसतात.

दुकानात चार-पाच हजारांची 'मार्गो' मिळते. ती हीच का?

नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. गावाच्या नावाचं भौगोलिक मानांकन आहे, 1954 पासूनचं. मार्गो, कांतनाक, सूसाँ, लाबार्द आणि आर्साक या पाच गावांच्या हद्दीत, ठरलेल्या नियमांनी पिकलेल्या वाइनला लेबलवर 'मार्गो' लिहिता येतं. या हद्दीत कितीतरी शातो आहेत आणि त्यांतल्या काहींच्या वाइन फार छान असतात. पण 'शातो मार्गो' मात्र एकच. तिच्या पांढऱ्या लेबलवर वाड्याचं चित्र असतं आणि 'प्रमिए ग्राँ क्रू क्लासे', म्हणजे पहिल्या श्रेणीची वाइन, असे शब्द असतात. नाशिकची द्राक्षं आणि एका ठरावीक बागेची द्राक्षं यांत जो फरक, तोच इथेही धरायचा.

ही इस्टेट किती जुनी आहे?

सोळाव्या शतकात, साधारण 1572 ते 1582 या दहा वर्षांत, पिएर द लेस्तोनाक यांनी इथल्या जमिनींची नव्याने मांडणी केली आणि धान्याच्या जागी वेली लावायला सुरुवात केली. आजच्या बागेचा पाया तिथे पडला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बेर्लों नावाचे कारभारी होते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. तोपर्यंत लाल आणि पांढरी द्राक्षं एकाच बागेत मिसळून लावलेली असत आणि एकत्रच तुडवली जात. बेर्लोंनी ती वेगळी केली. दुसरं म्हणजे, पहाटेचं दव घडांवर असताना तोडणी करायची नाही, असा दंडक घातला, कारण दवाच्या पाण्याने रस पातळ होतो. हे वाचलं तेव्हा मला आमचे आजोबा आठवले. बाग ओली असताना कात्री लावायला ते कुणाला आत येऊ देत नसत. त्यांचं कारण वेगळं होतं, त्यांना घड पेटीत कुजण्याची भीती असे. पण नजर तीच.

1705 साली 'लंडन गॅझेट'मध्ये या वाइनच्या 230 पिंपांच्या विक्रीची जाहिरात आली होती. इंग्लंडचे पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल दर तीन महिन्यांनी चार पिंपं मागवत. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन 1787 मध्ये बोर्डोला गेले, तेव्हा त्यांनी पहिल्या प्रतीच्या ज्या चार बागा नोंदवल्या, त्यांत मार्गो होती.

मग फ्रेंच राज्यक्रांती झाली. इस्टेटीचा धनी एली द्यू बारी गिलोटिनखाली गेला आणि जमीन जप्त झाली. घराण्यातल्या लॉर द फ्युमेल यांनी ती परत मिळवली, पण टिकवता आली नाही. 1802 मध्ये मार्की द ला कोलोनिया यांनी ती विकत घेतली. त्यांनी जुनी वास्तू पाडून लुई कोंब या वास्तुशिल्पीकडून नवा वाडा बांधून घेतला. समोर उंच खांब, मधोमध रुंद पायऱ्या आणि तिथवर येणारा झाडांमधला सरळ रस्ता. लेबलवर दिसतो तो हाच वाडा.

1855 चं वर्गीकरण म्हणजे काय?

पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी सम्राट तिसऱ्या नेपोलियनला बोर्डोच्या वाइनची प्रतवारी हवी होती. बोर्डोच्या दलालांनी ती करून दिली. नव्याने चव घेऊन नव्हे, तर आजवर कुठल्या वाइनला बाजारात काय भाव मिळत आला, त्यावरून. लाल वाइनच्या पाच श्रेणी झाल्या. पहिल्या श्रेणीत चारच नावं होती: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (हे लातूर वेगळं, हे मला दर वेळी सांगावं लागतं.) 1973 मध्ये पाचवं नाव वाढलं, मूतों रोथशिल्ड. बाकी पहिली श्रेणी दीडशेहून जास्त वर्षं जशीच्या तशी आहे.

प्रतवारी भावावरून केली हे ऐकून काही जण नाराज होतात. मला त्यात गैर वाटत नाही. शंभर-दीडशे वर्षं गिऱ्हाईक एखाद्या मालाला सतत जास्त पैसे मोजत असेल, तर ती एक प्रकारची चवच आहे.

तिथल्या जमिनीत असं काय आहे?

हा प्रश्न बागायतदार सोडून कुणी विचारत नाही, आणि खरं उत्तर इथेच आहे.

तिथे माती म्हणावी अशी फारशी नाहीच. नदीने हजारो वर्षांत वाहून आणलेल्या गोट्यांचे जाड थर आहेत. मी गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, तोडणी संपत आली होती. रस्त्याच्या कडेला बसून वेलीच्या बुंध्यापाशी हात घातला, तर मूठभर गोटेच हाताला लागले. कबुतराच्या अंड्याएवढे, पांढरे, पिवळसर, काही गुलाबी, आणि ऊन उतरल्यावरही कोमट. रस्त्यावर पडलेला एक गोटा खिशात टाकून घरी आणला. वडिलांनी तो तळहातावर फिरवला, वजन घेतलं आणि म्हणाले, "असल्यात ज्वारीसुद्धा यायची नाही."

त्यांचं बरोबरच आहे. तिथे दुसरं काही धड येत नाही म्हणून वेल येते. समुद्र जवळ असल्याने पाऊस भरपूर पडतो, पण गोट्यांतून पाणी लगेच खाली जातं, मुळांशी थांबत नाही. पाण्याच्या शोधात मुळं खोल उतरतात. बागेला वरून पाणी देत नाहीत, ठिबक हा प्रकारच नाही. वेल जरा तहानलेली राहते, पालवी आटोक्यात राहते आणि ताकद मण्यात जाते. गोटे दिवसभर तापतात आणि रात्री ऊब देतात. कॅबर्ने सोव्हिन्यों हे उशिरा पिकणारं वाण त्या थंड हवेत पिकतं ते या उबेमुळे.

लागवडही दाट आहे: हेक्टरी दहा हजार वेली, म्हणजे एकरी चार हजार. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजाराच्या आतबाहेर बसतात. तिथे मांडव नाही. कमरेएवढ्या उंचीच्या तारांवर बांधलेल्या बुटक्या वेली असतात आणि एकेका वेलीवर मोजकेच घड.

कोणती द्राक्षं वापरतात? ती खायला कशी लागतात?

इस्टेट साधारण 262 हेक्टरची आहे. त्यांतल्या सुमारे 80 हेक्टरवर लाल वाण आहे. त्यात तीन-चतुर्थांश कॅबर्ने सोव्हिन्यों, पाचव्या हिश्श्याच्या आसपास मर्लो, आणि उरलेल्या जागेत कॅबर्ने फ्राँ आणि पती व्हर्दो. बारा-एक हेक्टरवर सोव्हिन्यों ब्लाँ आहे, त्याची पांढरी वाइन 'पाव्हियों ब्लाँ' या नावाने निघते.

खायला मजा नाही. आपण निर्यातीसाठी जीए (मणी फुगवणारं संजीवक) देऊन अठरा मिलिमीटरचा मणी करतो. कॅबर्नेचा मणी जेमतेम सेंटिमीटरभर, साल जाड, आत बिया. पण मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त. रंग, वास आणि जिभेला जाणवणारा तुरटपणा सालीतच असतो. आपल्या बागेत जो मणी 'बारीक पडला' म्हणून बाजूला जाईल, तो तिथे सोन्यासारखा.

ती बनवतात कशी?

तोडणी हाताने, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. निवडून घेतलेले मणी सालीसकट मोठ्या टाक्यांत आंबायला सोडतात. साखरेचं मद्यार्क होतं, सालीतला रंग उतरतो. साल-रस मिळून तीनेक आठवडे एकत्र राहतात. मग वाइन 225 लिटरच्या ओकच्या नव्या पिंपांत जाते आणि दीड ते दोन वर्षं तिथे राहते. इस्टेटीत स्वतःचा पिंपं घडवणारा कारागीर आहे. गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पिंपं तिथेच होतात, बाकीची बाहेरून येतात. विस्तवावर आतून शेकलेल्या लाकडाचा वास अंगणात येतो, ताज्या भाकरीच्या करपलेल्या कडेसारखा. 2015 मध्ये वास्तुशिल्पी नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने आखलेली नवी वाइनरी सुरू झाली. शेजारच्या जुन्या कौलारू छपरांना शोभेल असंच तिचं छप्पर ठेवलं आहे.

ही शाकाहारी आहे का?

काटेकोर शाकाहारी असाल तर नाही, असंच धरा. पिंपातला गाळ खाली बसवण्यासाठी बोर्डोच्या जुन्या रीतीने अंड्यातला पांढरा भाग वापरतात. एका पिंपाला पाच-सहा अंडी. तो गाळाबरोबर तळाला बसतो आणि वरची नितळ वाइन काढून घेतात.

सगळी द्राक्षं याच वाइनमध्ये जातात का?

अजिबात नाही. मला या इस्टेटीबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथेच.

बागेच्या प्रत्येक तुकड्याची वाइन वेगळी ठेवतात. हिवाळ्यात मंडळी बसून एकेक चाखतात आणि कुठला तुकडा यंदा कुठे जाईल ते ठरवतात. सगळ्यात उत्तम ते 'शातो मार्गो'. त्याखालचं 'पाव्हियों रूज', हे नाव 1908 पासून चालत आलं आहे. त्याच्याही खालचं आहे ते 2009 च्या पिकापासून तिसऱ्या वाइनमध्ये जाऊ लागलं. तिथेही बसत नाही ते सुटं विकून टाकतात. अलीकडे एकूण पिकाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच मुख्य वाइनमध्ये जातं. 2016 हे उत्कृष्ट वर्ष होतं, तरी त्या साली 28 टक्केच घेतलं.

स्वतःच्या हाताने पिकवलेला माल, तोही चांगला, स्वतःच खालच्या प्रतीत टाकायचा आणि त्याचे कमी पैसे घ्यायचे. पॅकहाउसमध्ये बाद झालेल्या पेट्यांकडे बघत उभा राहिलेला बागायतदारच सांगेल हे किती जड जातं. आपली पेटी दुसरा कोणी बाद करतो. इथे दरवर्षी मालक स्वतः करतात.

मध्यंतरी या वाइनचा दर्जा घसरला होता म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि 1970 च्या दशकात वाइन नावाला साजेशी राहिली नव्हती. 1973-74 च्या सुमारास बोर्डोचा बाजार कोसळला आणि तेव्हाचे मालक जिनेस्ते कुटुंब अडचणीत आलं. एका अमेरिकी कंपनीशी सौदा ठरत होता, तो फ्रेंच सरकारने होऊ दिला नाही. 1977 मध्ये आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी इस्टेट घेतली. हे मूळचे ग्रीक, फ्रान्समध्ये किराणा दुकानांची साखळी चालवणारे. त्यांनी बागेचा निचरा सुधारला, नव्या वेली लावल्या, तळघर नीट केलं आणि एमिल पेनो या जाणकाराला सल्ल्याला बोलावलं. 1978 ची वाइन आली आणि लोकांना फरक कळला. पण आंद्रे 1980 मध्ये वारले. लावलेल्या वेली भरात आलेल्या त्यांनी पाहिल्या नाहीत. मुलगी कोरिन हिने तरुण वयात सगळं अंगावर घेतलं, 1983 मध्ये पॉल पोंतालिए हा तिशीच्या आतला तरुण सोबतीला आला आणि पुढची तीस वर्षं दोघांनी मिळून काम केलं. पोंतालिए मार्च 2016 मध्ये गेले. त्यांच्या हातचं 2015 चं पीक तेव्हा पिंपात होतं. ते काळ्या बाटलीवर सोनेरी छपाई करून, त्यांच्या स्मरणार्थ निघालं.

चव कशी असते?

तरुण असताना गडद, जांभळट लाल. वासाला ब्लॅककरंट हे बारीक काळं फळ, व्हायलेटची फुलं आणि नव्या लाकडाचा शेक. वय झालं की रंग विटकरी होतो आणि वास बदलतो. मला पंचवीस वर्षांच्या बाटलीतले दोन घोट एकदा मिळाले, 1996 च्या. पहिल्यांदा काहीच जाणवलं नाही. पेला हातात धरून बसलो, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पहिल्या पावसानंतरच्या पाचोळ्याचा, देवघरातल्या लाकडी पेटीचा आणि सुकलेल्या गुलाबाचा वास एकेक करत वर आला. तुरटपणा होता, पण रेशमासारखा. ताकद आणि हलकेपणा एकाच घोटात असणं ही मार्गोची खूण मानतात. मेदोकमधल्याच पोइयाक गावच्या वाइन जास्त धिप्पाड असतात.

कोणती वर्षं चांगली मानली जातात?

1900 चं नाव अजून घेतात. त्यानंतर 1953, 1961, 1983, 1990, 1996, 2000, 2005, 2009, 2010, 2015, 2016. पण वर्ष चांगलं म्हणजे बाटली आत्ता प्यायची, असं नाही. मोठ्या वर्षाची बाटली पंधरा-वीस वर्षं तरी थांबू द्यावी.

एवढी महाग का?

मुख्य वाइनच्या वर्षाला लाख-दीड लाख बाटल्या निघतात आणि मागणी साऱ्या जगातून असते. युरोपातच नव्या पिकाची बाटली काहीशे युरोंना जाते. भारतात आयात वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क राहिलं, वर राज्याचे कर.

विक्रीची रीतही वेगळी आहे. तोडणीनंतरच्या वसंतात, वाइन अजून पिंपातच असताना भाव ठरतो आणि बोर्डोचे व्यापारी ती उचलतात. बाटली हातात यायला आणखी दोन वर्षं लागतात. बागेत उभ्या मालाचा सौदा आपल्याला नवा नाही.

1787 ची बाटली फुटली होती, ती गोष्ट खरी आहे का?

हो. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वाइन व्यापाऱ्याने जेफरसन यांची म्हणून सांगितली जाणारी 1787 ची बाटली हॉटेलातल्या मेजवानीला नेली. तिथे ती टेबलाला लागून फुटली. त्याने तिची किंमत पाच लाख डॉलरच्या वर लावली होती, विम्याचे सव्वादोन लाख डॉलर मिळाले. 'जेफरसनच्या' म्हणून विकल्या गेलेल्या त्या बाटल्यांच्या अस्सलपणावर पुढे मोठा वाद झाला. मला या गोष्टीपेक्षा दुसरी आवडते. कार्ल मार्क्सच्या मुलीने, जेनीने, आपल्या वहीत फ्रेडरिक एंगेल्सना विचारलं होतं, तुमची सुखाची कल्पना काय? त्यांनी लिहिलं, 1848 ची शातो मार्गो. ते युरोपभर क्रांत्या झालेलं साल होतं.

या भागाचा आणि आपल्या बागांचा काही संबंध आहे का?

रोजचा आहे. छाटणीनंतर आपण खोडाला बोर्डो पेस्ट लावतो, डावणी हा बुरशीचा रोग आला की 'बोर्डो मारला का?' असं विचारतो. तो बोर्डो म्हणजे हेच बोर्डो. 1882 मध्ये मियार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मेदोकमधल्या सें-ज्युलियां गावाजवळून जात होते. सगळीकडे डावणीने पानं गळाली होती, फक्त रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं की येणाजाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडलं होतं. पुढचे प्रयोग शातो दोझाकच्या बागेत झाले, जी मार्गोच्याच हद्दीत लाबार्दला आहे. 1885 मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली. आपल्या पंपातलं निळं पाणी त्या रस्त्याकडेच्या वेलींवरून आलं आहे.

दुसरं नातं खुंटाचं. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा बसवल्या. अमेरिकी जंगली वेलींच्या खुंटावर कलम करून त्या पुन्हा उभ्या केल्या. आपण क्षार आणि पाणीटंचाईसाठी डॉगरिजचा खुंट घेतो, तोही मूळचा अमेरिकीच.

मग नाशिकला अशी वाइन होईल का?

अशी नाही होणार, आणि व्हायचं कारणही नाही. तिथे हिवाळ्यात वेल झोपते, वर्षाला एकच छाटणी. आपली वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. त्यांचा घड उन्हाळा उतरताना पिकतो, आपला थंडी सरून ऊन चढताना. नाशिकचं चांगलं कॅबर्ने किंवा शिराझ आपल्याच उन्हाची चव घेऊन येतं. मला ते त्याच्या जागी आवडतं.

परदेशातून कोणी आणली तर कशी ठेवू, कशी उघडू?

बारा ते चौदा अंश, अंधार, आडवी बाटली. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवली तर दोन महिन्यांत वाया जाईल. वाइनचा फ्रिज नसेल तर साठवू नका, त्या हिवाळ्यातच प्या. पिताना सोळा ते अठरा अंश हवी. 'खोलीच्या तापमानाला द्या' हे युरोपातल्या खोलीबद्दल लिहिलेलं असतं. आपल्याकडे आधी अर्धा-पाऊण तास साध्या फ्रिजमध्ये ठेवा. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाला बसेल, आणि ओतताना शेवटचा बोटभर भाग सोडून द्या. तरुण बाटली मोठ्या सुरईत ओतून दोन तास हवेशीर ठेवा.

जेवायला काय करू?

तांबडा रस्सा नको. मिरचीपुढे तुरटपणा कडू लागतो आणि मद्यार्क जाळतो. कमी तिखटाचं, तुपावर परतलेलं सुकं मटण छान जातं. शाकाहारात लोण्यावर परतलेली अळिंबी, मुरलेलं कडक चीज.

तिथे जाऊन बघता येतं का?

आधी पत्र लिहून वेळ ठरवावी लागते. तोडणीच्या दिवसांत जाऊ नका, ते कामात असतात. तिथे बाटली विकत मिळत नाही. विक्री सगळी व्यापाऱ्यांमार्फत होते. नाही मिळाली वेळ तरी गावातल्या रस्त्याने पायी चला, बागांना बऱ्याच ठिकाणी कुंपणही नाही. फक्त घडांना हात लावू नका.